ती बाई झोपती कवा?

शेतकऱ्यांवरचे सिनेमे शेतकरी सोडून बाकी सगळे बघतात, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. त्यात थोडी चेष्टा आणि थोडी खरी तक्रार. 'टिंग्या' 2008 सालचा, 'गाभ्रीचा पाऊस' 2009 चा, 'पीपली लाइव्ह' 2010 चा, 'एक हजाराची नोट' 2014 चा. यातला एकही सिनेमा थेटरात जाऊन बघितलेला माणूस आमच्या गावात मला भेटला नाही. 'सैराट' मात्र सगळ्यांनी बघितला, जीप भरभरून जाऊन बघितला, आणि आल्यावर आठवडाभर पोरं ट्रॅक्टरवर तीच गाणी लावून रान नांगरत होती. म्हणजे गावाला सिनेमाचं वावडं आहे असं नाही. आपल्याच दुखण्याचं तिकीट काढून जालन्यापर्यंत कोण जाईल, इतकंच.

गेल्या डिसेंबरात शुक्रवार ते रविवार असे हे चारही सिनेमे आमच्या ओसरीवर झाले. संभाजीनगरला शिकणारा पुतण्या मित्राचा प्रोजेक्टर घेऊन आला होता. पडदा म्हणून आबांचं नवं धोतर दुहेरी करून भिंतीला ताणलं. आबा दोन दिवस त्यावर रुसून होते, पण बघायला सगळ्यात पुढं तेच बसले. निवड माझी होती. पुतण्याला दुसरं काहीतरी मारामारीचं लावायचं होतं, त्याला मी गप्प बसवलं.

एक गोष्ट आधी सांगायला पाहिजे, कारण पुढं जी मतं येतील ती कुणाची, हे त्यावरून कळेल. त्या आठवड्यात थ्री फेज लाईट रात्रीची होती, दहाच्या पुढं. गव्हाचं आणि हरभऱ्याचं पाणी चालू. त्यामुळं दहा वाजले की गडीमाणसं बॅटरी घेऊन, कानाला मफलर बांधून मोटार चालू करायला उठून जायची. कुणीच सिनेमा शेवटपर्यंत बघितला नाही. पुरुषांनी सगळ्या सिनेमांचा पहिला अर्धाच बघितला, आणि दुसऱ्या दिवशी बांधावर त्याच अर्ध्यावरून वाद घातले. पूर्ण बघितला तो बायकांनी, पोरांनी, आबांनी आणि मी. दिवसभर कापूस वेचून कंबर धरलेल्या बाया, पण एकही मधून उठली नाही. एक उठली, तिचं पुढं येईल.

शुक्रवारी 'गाभ्रीचा पाऊस'. नाव पडद्यावर आलं तशी पोरं फिसकन हसली. आमचा भोकरदन-जाफराबादचा पट्टा बुलढाण्याला लागून, त्यामुळं ही वऱ्हाडी शिवी आमच्या कानाला परकी नाही. दिग्दर्शक सतीश मनवर यांचा हा पहिला सिनेमा, गाव विदर्भातलं, पीक कापसाचं. गोष्ट दोन ओळींची आहे. शेजारच्या एका शेतकऱ्यानं जीव दिला. ते बघून अलकाच्या मनात बसलं की आपला नवरा किसनासुद्धा असंच काही करील. मग ती त्याच्यावर पाळत ठेवते. पोराला त्याच्या मागं लावते, सासूला बसवते, त्याच्या आवडीचं करून घालते. किसनाला यातलं काहीच माहीत नाही. आज घरात सगळे आपल्याशी इतके गोड का वागतात, हेच त्याला कळत नाही. तो मात्र पेरणीच्या, पावसाच्या, पैशाच्या मागं पळतोय.

गिरीश कुलकर्णी यांचा किसना आणि सोनाली कुलकर्णी यांची अलका. आजी ज्योती सुभाष. तिघंही भारी, पण मला वाटतं या सिनेमाचं मोठेपण आधी लिहिण्यातच आहे. आत्महत्या या विषयावर गोष्ट सांगायची म्हटल्यावर दहातले नऊ जण जीव देणाऱ्या माणसाच्या मागं कॅमेरा घेऊन जातील. मनवर थांबलेत ते मागं राहिलेल्या बाईपाशी, आणि तेही ती मागं राहायच्या आधी. नवरा जिवंत आहे, जेवतोय, चिडतोय, आणि ती त्याच्याकडं बघती आहे. या बघण्यातून हसू निर्माण होतं. पोरगं बापाची पाठ सोडत नाही, बाप त्याला हाकलतो, ते परत येतं. आमच्या ओसरीवरही हशा झाला. पुतण्या मला हळूच म्हणाला, 'काका, विषय असला आणि लोक हसतायत.' मला तेव्हा बरं वाटलं. हसू आलं म्हणजे माणसं खरी वाटली.

आता मधूनच उठलेल्या बाईचं. शेजारच्या काकू. त्यांचे मालक 2013 च्या मे महिन्यात गेले. आमच्याकडं 'ते केलं' एवढंच म्हणतात, क्रियापद पूर्ण करत नाहीत. 2012 चा पाऊस दगा देऊन गेला होता. जालना म्हणजे मोसंबीचा जिल्हा. त्या उन्हाळ्यात अंबड, घनसावंगी, बदनापूर, जिकडं जावं तिकडं मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या होत्या. दहा-दहा, बारा-बारा वर्षं पोसलेली झाडं लोकांनी कुऱ्हाड लावून सरपणाला घातली. काकूंची बाग छोटी होती, सव्वा एकराची. मालक गेले, आणि तीन आठवड्यांनी मृगाचा पाऊस पडला. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. 'गाभ्रीचा' हा शब्द काकूंनी त्या वर्षी वापरला असेल तर मला नवल वाटणार नाही.

त्यांना हा सिनेमा दाखवावा का, यावर घरात आधी बोलणं झालं होतं. भावजय म्हणाली, 'नका बोलवू त्यांना, काऊन जखम उकरता?' मी म्हणालो, सगळ्या गल्लीला बोलावून त्यांना वगळलं तर ते जास्त लागेल. शेवटी काकू आपण होऊनच आल्या, खाली पोतं टाकून बसल्या. अर्ध्यापाशी उठल्या. मी मनात म्हटलं, झालं. पंधरा-वीस मिनिटांनी परत येऊन त्याच पोत्यावर बसल्या. गाईला वैरण टाकून आल्या होत्या.

सिनेमा संपल्यावर बाया नेहमीप्रमाणं पोरांना उठवायला लागल्या. काकूंनी मला विचारलं, 'बापू, ती बाई झोपती कवा?'

मला आधी प्रश्न कळला नाही.

'दिवसभर रानात, मग चूल, मग त्याच्यावर ध्यान. रातीला त्यो उठला तर हिला उठाव लागन. मी दोन महिने झोपले न्हवते. आन ज्या राती डोळा लागला...' पुढचं त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

मी हा सिनेमा आधी दोनदा बघितलेला, त्यावर बोललेला. पाळत, भीती, काळा विनोद, हे सगळं मला दिसलं होतं. अलकाची झोप हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. आता मागं जाऊन बघितलं तर सोनाली कुलकर्णी यांच्या चेहऱ्यावर तो थकवा आहे. खांदे उतरलेले आहेत, बोलताना शब्द तुटतो. पण सिनेमाची चाल इतकी हलकी आहे की त्या थकव्यावर नजर टिकत नाही, लगेच पोराची पुढची गंमत येते. याला दोष म्हणावं का? मी म्हणणार नाही. विनोद काढला असता तर हा सिनेमा रडगाणं झाला असता आणि गल्लीतली एकही बाई बसली नसती. तरी काकूंनी बोट ठेवलं ती जागा सिनेमात मोकळी आहे हेही खरं. एक रात्र पाहिजे होती. फक्त रात्र, दोघं झोपलेत, आणि ती जागी आहे.

दुबार पेरणीवर पुरुषांचा वाद दुसऱ्या दिवशी बांधावर रंगला, कारण तेवढा भाग त्यांनी बघितला होता. आमच्याकडं त्याला वेगळी धार आहे. जालना बियाण्याचं गाव. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको सुरू केली, आणि पुढं देशभरातल्या कपाशीवाल्यांनी बियाण्याच्या पिशवीवर जालन्याचा पत्ता वाचला. 'जालना, सोने का पालना' ही जुनी म्हण. त्यामुळं पडद्यावर पेरलेलं बी उगवून येत नाही तेव्हा आमची माणसं आधी आभाळाला शिव्या देत नाहीत. पिशवी कोणती होती, कितीला घेतली, ओल किती होती पेरताना, हे विचारतात. एक जण तर ठामपणे म्हणाला, 'त्यानं घाई केली. आधी बोटभर ओल बघायची ना.' किसनाला शेती येत नाही असं त्याचं मत पडलं. मला वाटतं, समीक्षा म्हणून हे फार वरच्या दर्जाचं आहे. पात्राला सहानुभूती न दाखवता त्याची चूक काढणं म्हणजे त्याला आपल्या बरोबरीचा मानणं.

शनिवारी दुपारी, पोरांसाठी, खोलीत अंधार करून 'टिंग्या'. यावर मी फार लिहीत नाही. मंगेश हाडवळे यांचा सिनेमा, जुन्नरकडचा. तिथं बिबट्या, तिथं बटाटा, आमच्याकडं दोन्ही नाहीत. बिबट्यासाठी खोदलेल्या खड्ड्यात पडून चितंग्या नावाचा बैल लंगडा होतो. घरात कर्ज, बैल कामाचा राहिला नाही, म्हणून तो खाटकाला विकायचं ठरतं. टिंग्या विचारतो, रशिदाची नानी आजारी आहे तर तिला औषध, मग माझ्या बैलाला खाटीक का? शरद गोयेकर या पोराला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच.

पोरं मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकली. आमच्या गल्लीत आता तीनच बैलजोड्या उरल्यात, बाकी ट्रॅक्टरचा भाडेतास. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना बैल ही पोळ्याच्या दिवशी बघायची गोष्ट. त्यांनी विचारलं, 'त्याच्या पप्पानं ट्रॅक्टर काऊन नाही सांगितला?' याला मी काय उत्तर देणार? शिवाय 2015 च्या मार्चपासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली. म्हणजे टिंग्याच्या बापापुढचा पेच आज तसाच उरलेला नाही. त्याचा दुसराच पेच झालाय. थकलेला बैल ठेवायचा तर वैरण कुठली, आणि विकायचा तर घेणार कोण. चाऱ्याची पेंढी महाग झाली की हा प्रश्न बाजाराच्या दिवशी ऐकू येतो. कुणीतरी त्यावर सिनेमा काढावा, पण काढणाऱ्याला दोन्हीकडून शिव्या खायची तयारी ठेवावी लागेल.

शनिवारी रात्रीचा 'पीपली लाइव्ह' हा पुतण्याचा आणि माझा भांडणाचा विषय झाला. त्याला तो चारांत सगळ्यात आवडला. मला हुशार वाटला, आणि हुशारीचाच त्रास झाला.

नत्था आणि बुधिया हे भाऊ. बँकेच्या कर्जापायी जमीन लिलावात निघाली आहे. गावचा पुढारी चेष्टेनं म्हणतो की जीव दिला तर सरकार पैसे देतं. दोन भाऊ बसून ठरवतात की कुणी मरायचं, आणि थोरला धाकट्याच्या गळ्यात घालतो. बातमी फुटते, मग टीव्हीवाले, अधिकारी, पुढारी सगळे त्या घरासमोर ठाण मांडतात. अनुषा रिझवी आधी टीव्हीच्या पत्रकार होत्या, त्यामुळं टीव्हीची टर त्यांना बरोबर उडवता आलीय. ओंकार दास माणिकपुरी हे हबीब तनवीर यांच्या नया थिएटरमधले नट. त्यांचा नत्था फार कमी बोलतो. आपल्यावर एवढा गोंधळ चाललाय आणि आपण त्यात कुठं आहोत, असे डोळे करून बसतो. खाटेवर पडल्या पडल्या सगळ्यांचा उद्धार करणारी म्हातारी, फारुख जाफर यांची, ती आमच्या ओसरीवर एकदम पास झाली. आबांनी दोनदा वळून आमच्या आजीच्या फोटोकडं बघितलं.

पण बघा, 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये किसनाकडं एक बायको बघते, 'पीपली'त नत्थाकडं अख्खा देश बघतो. पहिल्या बघण्यात जीव अडकलेला आहे. दुसऱ्यात फक्त बघणं आहे. सिनेमा त्या दुसऱ्या बघण्यावर चिडलाय हे मला कळतं. तरी दीड तासात तो स्वतःच त्याच गर्दीत जाऊन उभा राहतो. नत्थाच्या घरात काय शिजतं, जमीन किती, ती लिलावात गेली तर पुढं कुणाच्या दारात उभं राहायचं, याला वेळ नाही. नत्था परसाकडं गेला तिथंही कॅमेरा, आणि नंतर त्यावर तज्ज्ञपणे बातमी. पोरं लोळून हसली. बाया पदराआड हसल्या. मी हसलो नाही असं नाही. पण ते हसू टीव्हीवाल्यावर होतं की नत्थावर, याची मला खात्री देता येणार नाही.

पुतण्याचं म्हणणं, 'काका, तुम्हाला नत्था गरीब बिचारा पाहिजे. तिनं त्याला तसा दाखवला नाही, म्हणून तुम्ही चिडला.' हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. आणि एक गोष्ट मी त्याला लगेच देऊन टाकली, ती म्हणजे होरी महतो. एक काडीसारखा माणूस सिनेमात अधूनमधून दिसतो, खड्डा खणतो, माती काढतो, विकायला नेतो. कुणी त्याच्याकडं बघत नाही. आणि एक दिवस त्या खड्ड्यातच तो मेलेला सापडतो. प्रेमचंदांच्या 'गोदान'मधल्या होरीचं नाव त्याला मुद्दाम दिलंय. हा खड्डा म्हणजे 'पीपली'तला खरा सिनेमा. नत्था मरणार म्हणून देश जागा, आणि होरी मेला तर त्याची बातमी होत नाही. त्या वेळी ओसरीवर पहिल्यांदा आवाज बंद झाला.

अधिकारी नत्थाला 'लाल बहादूर' म्हणून हापसा भेट देतात आणि तो तसाच दारात पडून राहतो, त्याला बसवायचं कुणी बघत नाही. यावर मोठा हशा. असले न बसवलेले हापसे सगळीकडंच निघतात.

काकू मात्र या सगळ्यात कुठंच हसल्या नाहीत. त्या हसल्या एकदम शेवटी. नत्था समजून दुसराच माणूस आगीत मेलाय, नत्था मेला असं जगाला वाटतंय, आणि घरच्यांना पैसे मिळत नाहीत. कारण? मरण अपघाती, आत्महत्या नाही, म्हणून नियमात बसत नाही. तिथं काकूंनी तोंडाला पदर लावला आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. बघतो तर हसत होत्या. 'हे खरं हाय,' म्हणाल्या, 'हे मातर बराबर दावलं.'

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या राज्यात 2006 पासून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसाला 1 लाख रुपये मिळतात, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. पण त्याआधी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. जमीन घरच्यांच्या नावावर आहे का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानेवाल्या सावकाराचं आहे का, ते थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का. काकूंच्या मालकांच्या नावावर बाग नव्हती, सातबारा लांबच्या चुलत्याच्या नावावर, वाटणी तोंडी. कर्ज पाहुण्यांकडून हातउसनं आणि दुकानाची उधारी. फाईलवर 'अपात्र' पडलं. मेल्यावर माणसाला अपात्र म्हणतात, हे काकूंना तेव्हा नवीन होतं. 'जगताना काय म्हणत व्हते मंग?' असं त्यांनी त्या वेळी विचारल्याचं मला आठवतं.

म्हणून 'पीपली'चा शेवट मला आता वेगळा वाटतो. पहिल्यांदा बघितला तेव्हा तो मला जुळवून आणलेला वाटला होता. नत्था निसटून शहरात बांधकामावर माती उचलताना दिसतो, आणि पडद्यावर ओळ येते की 1991 ते 2001 मध्ये 80 लाख शेतकऱ्यांनी शेती सोडली. ही ओळ मला अजूनही सिनेमाला वरून चिकटवलेली वाटते. पण अपात्र ठरण्याची गोष्ट आतून आलेली आहे, आणि तिला दाद द्यायला आमच्या ओसरीवर एक जाणकार बसलेली होती.

रविवारी सकाळी आबांनी आपलं मत दिलं. त्यांना यातलं काहीच पसंत नव्हतं. त्यांचा एकच सिनेमा, 'दो बिघा जमीन'. 1953 चा, बिमल रॉय यांचा, बलराज साहनींचा. तरुणपणी कधी तरी जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून बघितलेला. मी विचारलं, त्यात असं काय आहे? आबा म्हणाले, 'हिशोब हाय.' शंभूला वाटतं आपण जमीनदाराचे 65 रुपये देणं लागतो. घरातलं सगळं विकून तो तेवढे घेऊन जातो, आणि वहीत निघतात 235. निरक्षर माणसाच्या अंगठ्यावर आकडा वाढवलेला. ते फेडायला कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढायची. 'हे आजकालचे सिनेमेवाले आकडा सांगत न्हाईत,' आबा म्हणाले, 'कर्ज म्हणत्यात. किती? कितीनं? कवा फेडायचं? ते कळल्याशिवाय मला त्याचं काय वाटणार?'

याच्यावर मी दिवसभर विचार करत होतो, आणि रात्री 'एक हजाराची नोट' लागली तेव्हा आबांचं उत्तरच पडद्यावर आल्यासारखं झालं. श्रीहरी साठे यांचं दिग्दर्शन, श्रीकांत बोजेवार यांचं लेखन. इथं आकडा आहे. तो नावातच आहे.

बुढी एकटी राहते, पोरगा आत्महत्या करून गेलेला. शेजारचा सुदामा आणि त्याचं घर एवढाच आधार. पुढाऱ्याची सभा होते, तिच्या पोराची गोष्ट कळल्यावर पुढारी तिच्या हातात हजाराच्या नोटा ठेवतो. आयुष्यात एवढे पैसे एकदम हातात पडलेले नाहीत. ती सुदामाला घेऊन बाजाराला जाते. आणि तिथं कळतं की गरिबाच्या हातातली मोठी नोट ही अडचणच असते. कुणाकडं सुटे नाहीत. कुणी नोटेकडं बघतो, कुणी तिच्याकडं बघतो. बघता बघता गोष्ट पोलिसांपर्यंत जाते.

तमाशापटांत ज्यांना नाचताना बघितलं त्या उषा नाईक इथं बुढी झाल्यात. पदराच्या गाठीला हात लावून बघण्याची त्यांची एक लकब आहे. गाठ आहे ना, पैसे आहेत ना. बाजारात पाच-सहा वेळा तरी तो हात जातो. कापूस वेचणाऱ्या बाया ते बघून एकमेकींना कोपर मारत होत्या. सुदामा म्हणजे संदीप पाठक, आपल्या माजलगावचे. त्यांना नाटकातून लोकांना हसवताना बघितलं होतं, इथं ते फक्त त्या म्हातारीच्या सोबतीला चालतात. त्यांच्या चालण्यातही गाव आहे.

सुट्ट्यांचा तो सगळा भाग, तासभर म्हणा, मी मराठीत बघितलेल्या गावाकडच्या सिनेमांत वरच्या पायरीवर ठेवीन. काहीच घडत नाही. दुकान, नकार, पुढचं दुकान. कुणी वाईट वागत नाही. तरी भीती वाढत जाते. या बाईकडं आजवर कुणी बघितलं नव्हतं, आणि आता सगळा बाजार बघतोय. पुढं पोलिसांचा भाग आला की सिनेमा सोपा होतो. कोण चांगलं, कोण वाईट ते लांबूनच कळायला लागतं, शिकवल्यासारखं. तिथं लेखकानं बाजारावर जेवढा भरवसा ठेवला तेवढा ठेवला नाही. त्या बाईला नुसतंच सुटे न मिळता परत घरी यावं लागलं असतं, तर मला ते जास्त बोचलं असतं.

आणि यात लेखक-दिग्दर्शकाच्या हातात नसलेलं एक घडून गेलंय. सिनेमा 2014 चा. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री हजाराची नोटच बाद झाली. पोरांना तीच माहीत नव्हती. 'एवढी मोठी एकच नोट असायची?' त्यांनी विचारलं. आज तो सिनेमा बघणाऱ्याला बुढीच्या हातातल्या नोटेवर दोन सावल्या दिसतात, एक पुढाऱ्याची आणि एक त्या रात्रीची. त्या नोव्हेंबरात आमच्याकडं कपाशी घरात येऊन पडली होती, आणि वेचणीच्या बायांना द्यायला सुटे नव्हते. दोन-दोन आठवड्यांची मजुरी वहीत लिहून ठेवावी लागली. ज्यांची लिहून ठेवली होती त्यातल्या तिघी-चौघी ओसरीवरच बसल्या होत्या. एकीनं लगेच काढलं, 'बापू, तवाचे माझे तीनशे राह्यले की दिले?' वही काढून बघितली. दिलेले होते. पण तिनं विचारलं ते बरोबरच होतं. आबा म्हणाले, 'हां, याला म्हणत्यात सिनेमा.'

काकू त्या रात्री शेवटपर्यंत बसल्या, गाईसाठीसुद्धा उठल्या नाहीत. वैरण आधीच टाकून आल्या होत्या. मी विचारलं, कसा वाटला? म्हणाल्या, 'बुढीचं काम चांगलं केलं तिनं.' बस. मग थोडा वेळ थांबून, 'सुदाम्यावानी शेजार पायजे.' यावर भावजय माझ्याकडं बघायला लागली आणि मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागलो.

चारांत क्रम लावायचा झाला तर मी 'गाभ्रीचा पाऊस' वर ठेवीन, 'एक हजाराची नोट' त्याच्या अगदी शेजारी, पहिल्या तासासाठी. 'टिंग्या' पोरासाठी आणि बैलासाठी. 'पीपली' होरी महतोसाठी आणि त्या 'अपात्र'साठी. पुतण्याचा क्रम बरोबर उलटा आहे, त्यानं तो परत जाताना व्हॉट्सॲपवर गल्लीच्या ग्रुपला टाकला, आणि ज्या पुरुषांनी अर्धे अर्धे सिनेमे बघितले होते त्यांनी त्यावर दोन दिवस भांडण केलं.

पुढच्या सुट्टीत प्रोजेक्टर परत आणायचं ठरलंय. आबांसाठी 'दो बिघा जमीन' नक्की झालाय, धोतर मात्र जुनं वापरायचं या अटीवर. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, शेतीचं आता पुरं, दादा कोंडक्यांचा लाव. कोणता? 'पांडू हवालदार.'